बायडाबाईंचा डोळा

स्वारगेटच्या एसटी स्टँडबाहेर बायडाबाई लिंबांची पाटी घेऊन बसत. त्यांच्याशी घासाघीस करायची हिंमत आमच्या शनिवार पेठेतही फार थोड्या बायकांत होती आणि माझी आई त्यांतली एक. आईने लिंबू दाबून "रस आहे ना?" असं विचारलं की बायडाबाई म्हणत, "न्हाई, आत बुंदी भरलीया." त्यावर आई म्हणे, "मग दोन जास्त द्या, आमच्याकडे मुलांना आवडते." हे वर्षानुवर्षं चाललं होतं. लिंबं मंडईतही मिळत, पण तिथले लोक फारच सरळ बोलतात अशी आईची तक्रार होती.

बायडाबाईंचा उजवा डोळा किंचित बाहेरच्या बाजूला बघे. त्यामुळे त्या गिऱ्हाइकाकडे बघताहेत की साताऱ्याच्या गाडीकडे, हे कळत नसे. अशा डोळ्याबद्दल लोक गप्प बसत नाहीत. त्यात बायडाबाईंना मूल नव्हतं. या दोन गोष्टी एकत्र आल्यावर त्या राहत त्या हडपसरच्या लोकांनी बाकीचं ठरवून टाकलं: बायडाबाईंची नजर लागते. त्यांनी एकदा कुणाच्या म्हशीला "काय गं भरलीस!" म्हटलं आणि ती आटली. म्हैस म्हातारी होती, हे कुणी लक्षात घेतलं नाही. त्यांनी कुणाच्या तरी नव्या सायकलचं कौतुक केलं आणि सायकल त्याच आठवड्यात कालव्यात गेली. चालवणारा ताडी पिऊन चालवत होता, पण ताडीपेक्षा बायडाबाईंना दोष देणं सोपं होतं.

दुसरी एखादी बाई रडून रडून अर्धी झाली असती. बायडाबाईंनी त्याचा धंदा केला. कुणाच्या घरी गेल्या की बरणीकडे बघून म्हणायच्या, "वा! काय रंग आलाय लोनच्याला!" घरची बाई घाईघाईने वाटीभर लोणचं बांधून देई, कारण नजर लागलेलं लोणचं ठेवून करायचं काय? पापड, कुरडया, कोवळी गवार, सगळं असंच येई. त्यांचे यजमान सोनबा अगदी मवाळ गृहस्थ होते. जेवायला बसल्यावर ते ताटाकडे पाहून विचारत, "आज कुनाकडं बघून आलीस?"

सोनबांचे थोरले भाऊ हिंदुराव शेजारच्याच घरात राहत. जमिनीच्या वाटण्या झाल्या होत्या, मध्ये बांध होता आणि बांधाच्या दोन्ही बाजूंना कागदी लिंबांच्या बागा होत्या. हिंदुरावांची मोठी, सोनबांची लहान. हिंदुरावांच्या पत्नी मथुराबाई बोलायला अतिशय गोड होत्या. त्यांच्याकडून निघालं की आपला पाणउतारा झालाय हे परतीच्या वाटेवर रामटेकडी येईपर्यंत लक्षात येत नसे. त्यांची मुलगी मुक्ता जन्मली तेव्हा मथुराबाई कित्येक महिने अंथरुणाला खिळल्या होत्या. पोर वाढली ती बायडाबाईंच्या मांडीवर. बोलायला लागली तेव्हा तिचा पहिला शब्द 'काकू' होता, आणि ही गोष्ट मथुराबाई कधी विसरल्या नाहीत.

आता मी या सगळ्यात कुठे आले ते सांगते. पानशेतचा पूर येऊन गेला, त्यानंतर दोन-तीन वर्षांतली ही हकिगत. झाडांच्या रोगांवर संशोधन करणाऱ्या एका सरकारी ऑफिसात मी पानांची चित्रं काढायला होते. माझे साहेब गोपाळकृष्ण हे लिंबूवर्गीय झाडांच्या एका विषाणूमागे हात धुऊन लागले होते. त्यांच्या खोलीत जगाचा नकाशा होता आणि त्यावर टाचण्या टोचलेल्या होत्या: चीन, दक्षिण आफ्रिका, ब्राझील, अर्जेंटिना. हा विषाणू मूळचा आशियातला असावा, असा त्यांचा तर्क होता. तो बियांतून जात नाही. त्यामुळे लोक फळांच्या बिया नेऊन लावत होते तोवर जग सुखात होतं. पुढे बोटी वेगवान झाल्या, जिवंत रोपं आणि कलमं समुद्रापार जाऊ लागली आणि रोगाची चांगली सोय झाली. दक्षिण अमेरिकेत लाखो झाडं वाळली. तिकडच्या लोकांनी त्याला 'त्रिस्तेझा' असं नाव दिलं, म्हणजे उदासी. साहेब हे सगळं इतक्या आपुलकीने सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, विषाणू त्यांच्या नात्यातला आहे.

हडपसरची लिंबं वाळायला लागल्याची बातमी आली, तेव्हा साहेब जवळजवळ खुशीतच जीपमध्ये बसले. मी चित्रांची वही घेऊन मागे बसले.

हिंदुरावांची बाग खरंच वाईट दिसत होती. पानं बारीक, पिवळट, फांद्या शेंड्याकडून वाळत आलेल्या. साहेबांनी एक पान उन्हात धरलं. शिरा हिरव्या दिसायच्या त्या मधे मधे काचेसारख्या झाल्या होत्या. अंगणात बाजेवर बसल्यावर हिंदुरावांनी विचारलं, "सायेब, ह्यो रोग येतो कुठनं?"

साहेब म्हणाले, "लांबचा प्रवास तो डोळ्यातून करतो. एकदा डोळा लागला, की झाड वरून कितीही हिरवंगार दिसू दे, रोग आत शिरलेला असतो."

साहेबांचं काही चुकलं नव्हतं. कलम बांधणारे लोक फांदीवरच्या अंकुराला डोळा म्हणतात. चांगल्या जातीच्या झाडाचा डोळा चाकूने उचलायचा, दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवायचा, याला डोळा भरणं म्हणतात. आणि तो जगला की डोळा लागला. रोगट झाडाचा डोळा भरला तर रोगही भरला जातो. हिंदुरावांना हे कळलं असतं, पण त्यांची लिंबं बियांपासून केलेली, डोळे भरायचं काम त्यांनी स्वतः कधी केलं नव्हतं. आणि आत चहा गाळणाऱ्या मथुराबाई कलमाला कलमच म्हणत, त्यांना कळायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी गाळणं हवेत धरूनच सगळं ऐकलं आणि चहा गार करून आणला.

साहेबांच्या विषाणूला चीनमधून ब्राझीलला पोचायला किती काळ लागला कुणास ठाऊक. मथुराबाईंच्या बातमीला हडपसरहून मंडईत पोचायला भाजीचा एक ट्रक पुरला. दुसऱ्या दिवशी मंडईत एका बाईने माझ्या आईला सांगितलं, की नजर खरोखर लागते असा सरकारने शोध लावलाय आणि त्यासाठी जीपमधून मोठे साहेब आले होते. आईने मला विचारलं, "तुझा पगार या कामाचा आहे का?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत बायडाबाई रिकामी पाटी काखोटीला मारून आमच्या ऑफिसात हजर झाल्या. शिपायाने अडवलं तेव्हा त्याच्या मिशांचं कौतुक केलं, तो बाजूला झाला. सरळ साहेबांच्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुमी म्हनलात म्हनं, माज्या डोळ्यातनं रोग जातो?"

साहेब चाचरले. त्यांनी डोळा म्हणजे काय ते समजावलं, फांदी आणून दाखवली, नकाशा दाखवला, रोगाचं नावही सांगितलं.

"तिरसट?" बायडाबाई म्हणाल्या. "बघा! माजंच नाव ठिवलंय की रोगाला."

"तिरसट नाही हो. त्रिस्तेझा. म्हणजे उदासी, दुःख."

बायडाबाई खाली बसल्या. पाटी मांडीवर घेऊन म्हणाल्या, "मुक्तीचं लगीन ठरलंय वैशाखात. लोनीला दिलीया. जाऊ म्हनली, हळदीला येऊ नगं, मांडवातबी येऊ नगं. पोरीवर तुजा डोळा पडाय नगं. सायबानंच सांगितलंया म्हनली." मग त्यांनी पदराने पाटी पुसली. ती स्वच्छच होती. "म्हशीचं बोलल्या, सायकलचं बोलल्या, मी हसून घेतलं. पन ह्या पोरीला मी न्हाऊ घातलंय."

मला मथुराबाईंचा असा संताप आला की त्या समोर असत्या तर मी शाईची दौत फेकली असती. साहेब मात्र शास्त्रज्ञ होते. त्यांना वाटलं, गैरसमज झालाय ना, मग समजावून सांगितलं की दूर होईल.

ते परत हडपसरला गेले आणि मथुराबाईंना म्हणाले, "अहो, माझ्या म्हणण्याचा अर्थ वेगळा होता. एकाचा डोळा काढून दुसऱ्याला लावतात."

"लावत्यात ना!" मथुराबाई म्हणाल्या. "मी तेच म्हनतीया."

"तसं नाही. हा रोग नुसत्या नजरेला दिसत नाही."

"न्हाईच दिसत. लागल्यावरच कळतं."

"आणि डोळा चांगला दिसला, तरी तो घातक असू शकतो."

"ऐकलंत?" मथुराबाई हिंदुरावांकडे वळून म्हणाल्या.

मग साहेबांनी ठरवलं, की रोग मुळात कुठून आला ते शोधून काढायचं आणि पुरावाच समोर ठेवायचा. हडपसरच्या आसपास डोळे भरायचं काम पिढ्यान् पिढ्या घोरपडे पेठेतल्या एका घराकडे होतं. त्या घरातले रज्जाकभाई आमच्याबरोबर बागा हिंडले. बोलका माणूस. चाकूला सतत धार लावत आणि तितकीच जिभेला. दहा बागांतल्या झाडांचे डोळे त्यांनी काढून दिले, त्यांत हिंदुरावांच्या विहिरीकाठच्या मोसंबीचाही होता. ही मोसंबी म्हणजे मथुराबाईंचा जीव की प्राण. त्यांच्या माहेरच्या, यवतच्या झाडाचा डोळा आणून रज्जाकभाईंच्या वडिलांनी, शमशुद्दीनमियांनी, ती करून दिली होती. तिच्या फळांची गोडी पंचक्रोशीत सांगितली जाई आणि मुख्य म्हणजे मथुराबाई स्वतः सांगत.

आमच्या काचघरात कुंड्यांतून कागदी लिंबाची निरोगी रोपं होती. हे सगळे डोळे त्यांच्यात भरायचे, वाट पाहायची आणि कुठल्या रोपाच्या शिरा काचेसारख्या होतात ते बघायचं, एवढंच काम. रज्जाकभाई डोळे भरत होते तेवढ्यात त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिलेल्या बायडाबाई म्हणाल्या, "आनी माजा?"

"तुमचा काय?"

"माजा डोळा. त्योबी तपासा. एक कुंडी मला द्या. बाजाराच्या दिवशी यीन, तिच्याकडं बघीन, चांगलं त्वांडभरून कौतुक करीन. वाळली तर मी हडपसर सोडून जाईन."

साहेबांनी बराच विचार केला. नाही म्हणायला त्यांना कुठलंही शास्त्रीय कारण सापडेना. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. पण कौतुक दर वेळी सारखंच हवं. एकदा जास्त, एकदा कमी असं चालणार नाही." मी कुंडीला चिठ्ठी लावली: 'बायडाबाई. डोळा, बाह्य.'

ते पुढचे दोन-तीन महिने आमच्या ऑफिसात जी मजा झाली ती नंतर कधी झाली नाही. बायडाबाई यायच्या, पदर खोचून कुंडीसमोर उकिडव्या बसायच्या आणि सुरू करायच्या. "काय गं तुजा तजेला! काय पानं, काय तुकतुकी! अगं, लोनीच्या पाटलीनबाईलाबी असा रंग न्हाई. कुनाच्या घरची गं तू?" टायपिस्ट, शिपाई, हिशेबनीस सगळे काचेला नाक लावून ऐकायचे. हेडक्लार्क श्रीनिवासराव एकदा हळूच म्हणाले की त्यांच्या मोठ्या मेहुण्याला एकदा इथे बोलवून बायडाबाईंसमोर बसवता येईल का. त्या रोपाला कौतुक मानवलं असावं. ते बाकीच्यांपेक्षा वीतभर वर गेलं.

आणि मग एका सकाळी दुसऱ्या एका कुंडीतलं पान मी चित्रासाठी उजेडात धरलं. शिरा मधे मधे काचेसारख्या झाल्या होत्या. कुंडी कुठली ते मी तीनदा वाचलं. विहिरीकाठची मोसंबी.

साहेबांना आनंद झाला की ते पेन्सिलीला टोक करत बसत. त्या दिवशी त्यांनी तीन पेन्सिली संपवल्या. मोसंबी जंबेरीच्या, म्हणजे एका रानटी लिंबाच्या, मुळावर भरलेली असली की हा रोग तिला फारसा जाणवत नाही. ती हिरवीगार राहते, गोड फळं देते आणि रोग पोटात बाळगते. तिच्यावरची काळा मावा नावाची बारीक कीड उडून शेजारच्या लिंबांवर बसते आणि लिंबं मरतात. "म्हणजे स्वतः अगदी छान, आणि शेजारच्यांचा मात्र सत्यानाश," साहेब म्हणाले. मी म्हटलं, "या जातीच्या बायका आमच्या पेठेतही आहेत." त्यांनी ते ऐकलं नाही. यवतला माणूस पाठवून त्यांनी तिथल्या जुन्या झाडाचाही डोळा तपासून घेतला आणि तोही तसाच निघाला. ते झाड कुठून आलं, विचारलं तर कुणी म्हणे मुंबईला बोटीतून उतरलेल्या व्यापाऱ्याकडून, कुणी म्हणे देवाच्या कृपेने. मोसंबी हे नावच मोझांबिकवरून पडलं म्हणतात. पण रोग तिकडून इकडे आला, की आशियातून तिकडे जाऊन परत आला, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. साहेबांनी नकाशावर एक टाचणी वाढवली. चीन, आफ्रिका, ब्राझील, अर्जेंटिना, यवत.

रज्जाकभाईंचा चेहरा उतरला. "माझा चाकू मी उकळत्या पाण्यातून काढतो," ते मला म्हणाले. "पण झाडाच्या पोटातलं मला कसं दिसणार? आणि मंदाताई, एक सांगू? त्या मोसंबीची पाच कलमं मीच बांधून दिलीयत. मुक्ताच्या रुखवतात ठेवायला."

रुखवत म्हणजे लग्नात वधूकडचे लोक मांडून ठेवतात त्या शोभेच्या वस्तू. नंतर सगळं सासरी जातं. माहेरची आठवण म्हणून मथुराबाईंनी गोड मोसंबीची पाच कलमं लेकीबरोबर द्यायची ठरवली होती. आणि लोणीला मुक्ताच्या सासरी कागदी लिंबांची मोठी बाग होती.

साहेब मला घेऊन परत हडपसरला गेले. माणूस हुशार होता, पण लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे काही गोष्टी त्याला माहीतच नव्हत्या. त्यांनी मथुराबाईंसमोर कागद पसरला आणि सरळ सांगितलं, "हा रोग तुमच्या माहेराहून आलेला आहे."

हिंदुराव त्या क्षणी उठून बैलाला पाणी दाखवायला गेले. बैल नुकताच पाणी पिऊन आला होता. मथुराबाईंचा आवाज जास्तच गोड झाला. त्या म्हणाल्या, "सायेब, माज्या म्हायेराला आजवर माज्या सासूनंबी नाव ठिवलं न्हाई. चहा घ्या आनी जावा." साहेबांनी चहा घेतला, आणि आम्ही गेलो.

बायडाबाईंना मी हे सगळं स्वारगेटला जाऊन सांगितलं. मला वाटलं होतं त्या खूष होतील. निर्दोष सुटल्या होत्या, आणि वर जावेचं माहेर उघडं पडलं होतं. माणसाला आणखी काय हवं? पण त्या लिंबं मांडता मांडता थांबल्या.

"लोनीच्या बागंला किती वर्सांनी लागंल रोग?"

"सांगता येत नाही. चार, पाच."

"म्हंजे सून घरात आल्यावर चार-पाच वर्सांनी बाग वाळनार." त्या म्हणाल्या. "आनी मग काय म्हनत्याल?"

मला उत्तर ठाऊक होतं. सून आल्यावर घरात काही वाईट झालं की ते सुनेच्या पायगुणावर जातं. मुक्ताचा पायगुण वाईट ठरला असता. त्यानंतर तिने कशाकडे बघितलं तरी लोकांनी मुलं आत घेतली असती.

"मग आपण लोणीच्या लोकांना सांगू या," मी म्हटलं. "साहेब येतील."

"खुळी का काय तू? म्हायेरच्या झाडाला रोग हाय म्हनून मांडवात सांगायचं? उद्या पोरीलाबी रोग हाय म्हनत्याल. लगीन मोडंल." त्यांनी एक लिंबू फडक्याने पुसून चकचकीत केलं, ठेवलं, परत उचललं. "तू लग्नाला येनार ना? मग ये. बाकी माजं मी बघती."

लग्नाला आम्ही गेलो; साहेब, मी आणि रज्जाकभाई. मांडव हिंदुरावांच्या दारात होता, म्हणजे बायडाबाईंच्या घरापासून हाक मारण्याच्या अंतरावर. आदल्या दिवशी हळद झाली ती त्यांनी बंद दाराआडून ऐकली होती. सोनबा तेवढे पाहुण्यांत बसले होते, मान खाली घालून. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आणि वरमाय चार बायका घेऊन रुखवत बघायला आल्या. साखरेचे बंगले, शेवयांची तुळस, कापसाचा ससा, आणि मधोमध रंगवलेल्या डब्यांतली पाच कलमं, प्रत्येकाला कागदी फुलांची माळ.

तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी कुजबुज झाली आणि बायका बाजूला सरकल्या. बायडाबाई आल्या होत्या. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. कुणाकडेही न बघता त्या सरळ रुखवतासमोर येऊन उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून.

"अगं बया!" त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की आचारीही वळून बघायला लागला. "काय कलमं म्हनायची का काय! काय ही पानं, काय त्यांची तुकतुकी! पाचच्या पाच जनी राजाच्या लेकी! आता जात्याल लोनीला, आनी त्या बागंत अशा फुलत्याल, अशा फुलत्याल..."

त्यांनी दोन्ही डोळे कलमांवर रोखले होते. उजवा डोळाही त्या दिवशी आज्ञेत होता, असं मला वाटलं.

वरमाईंचा चेहरा पांढरा पडला. हडपसरची बातमी लोणीला कधीच पोचलेली होती. "विहीनबाई," त्या म्हणाल्या, "झाडं ऱ्हाऊ द्या. आमच्याकडं लई झाडं हायत. ती आमच्या शिवारात नगंत."

मग मथुराबाई ओरडल्या. "उचला ती! चुलीत घाला!" कलमं माळांसकट आचाऱ्याच्या चुलीत गेली. साहेब मागे उभं राहून ती पूर्ण जळेपर्यंत बघत होते आणि शेवटी म्हणाले, "रोगट रोपं नष्ट करण्याची ही मान्यताप्राप्त पद्धत आहे." रज्जाकभाईंनी तोंडाला रुमाल लावला.

दोन बायकांनी बायडाबाईंना दंडाला धरून मांडवाबाहेर काढलं. मुक्ता बोहल्यावरून उठायला लागली, तर तिला खाली दाबून बसवलं. मला ते सहन होईना. मी बाहेर धावले आणि म्हटलं, मी आत जाऊन सगळ्यांना खरं सांगते. बायडाबाईंनी माझं मनगट पकडलं. पकड चांगलीच होती. "गप," त्या म्हणाल्या. "वरात निघूस्तवर गप. मग बी गप." आणि घरात जाऊन त्यांनी कडी लावली.

त्यानंतर हडपसरात त्यांची ख्याती अशी पक्की झाली की लोक लोणचं आपणहून आणून द्यायला लागले. हिंदुरावांची लिंबं वाळून गेली, सोनबांचीही गेली. विहिरीकाठची मोसंबी मात्र मजेत उभी होती. बायडाबाई आता दुसरीकडून लिंबं घेऊन विकायच्या, पुष्कळदा लोणीकडची. लोणीची बाग अशी बहरली होती की मुक्ताची सासू येईल त्याला सांगे, सुनेचा पायगुण. बायडाबाई हे ऐकत आणि म्हणत, "आसंल."

मी गप्प बसायचं कबूल केलं होतं. पण मी शनिवार पेठेतली आहे. मुक्ता पहिल्या संक्रांतीला माहेरी आली तेव्हा मी तिला गाठून सगळं सांगितलं, कुंडीपासून चुलीपर्यंत.

पुढच्या वर्षी ती बाळंतपणाला हडपसरला आली. मुलगा झाला. मथुराबाईंनी त्याला तीन महिने आतल्या खोलीत ठेवलं, गालाला तीट, मनगटाला काळा दोरा, आणि बायडाबाईंच्या बाजूची खिडकी कायमची बंद. बायडाबाईंनी भिंतीपलीकडून त्याचं रडणं तेवढं ऐकलं. स्वारगेटला त्या आईला सांगायच्या, "आवाज खणखणीत हाय. रात्रभर झोपू देत न्हाई मेला."

मुक्ता सासरी जायला निघाली, त्या दिवशी मी आणि आई लिंबं घेत होतो. लोणीची गाडी हडपसरहून पूर्वेला जाते. मुक्ता उलट्या बाजूच्या बसमध्ये बसून स्वारगेटला उतरली. मागून तिचा नवरा दोन पिशव्या आणि गोंधळलेला चेहरा घेऊन आला. ती थेट पाटीसमोर आली आणि पोर बायडाबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"काकू, बघ," ती भर गर्दीत मोठ्याने म्हणाली. "चांगलं डोळं भरून बघ. आनी कसा हाय त्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग."

शेजारच्या कोथिंबीरवालीने आपली टोपली लांब ओढली. बायडाबाईंनी हात पदराला पुसले. पोर खरोखर देखणं होतं, गोरं, टपोऱ्या डोळ्यांचं. त्या खूप वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग नाक ओढून म्हणाल्या, "नाक बसकं हाय. कान बापाचं घेतलंय, सुपासारकं. आनी डोक्याला केस न्हाईत. काय ध्यान हाय!"

त्यांच्या गालावरून पाणी खाली चाललं होतं. मला राहवेना. मी म्हटलं, "बायडाबाई, अहो, तुमच्या डोळ्याने काही होत नाही. आपण काचघरात तपासून बघितलंय ना? ते रोप कसं वाढलं!"

"त्ये लिंबाचं झालं," त्या म्हणाल्या. "ह्यो मुक्तीचा हाय."

आणि त्यांनी पाटीतलं सगळ्यांत चांगलं लिंबू उचललं, पोराच्या डोक्यावरून पायापर्यंत तीनदा उतरवलं, आणि स्वतःचीच नजर काढून ते लिंबू रस्त्यापलीकडे फेकून दिलं.